प्रसूतिकक्षातील ‘योग्या’ : बारामती-इंदापूर परिसराच्या दृष्टीने कर्मचारी-प्रशिक्षणाचे नियोजन

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय ‘योग्यासूत्रीय’ या नावाने वैद्यवर्गास सुपरिचित आहे. शास्त्राचे अध्ययन पूर्ण झालेल्या शिष्याकडूनही प्रत्यक्ष कर्माचा अभ्यास करवून घ्यावा, असा या अध्यायाचा आग्रह आहे. छेदनकर्मासाठी कोहळा, दुध्या, कलिंगड व काकडी; भेदनासाठी पाणी व चिखल भरलेली कातड्याची पिशवी; वेधनासाठी मृत पशूंच्या शिरा व कमळाचे देठ; बंधनासाठी मनुष्याकृती पुतळा, अशी साधने आचार्यांनी नावानिशी सांगितली आहेत. रुग्णाच्या शरीरास स्पर्श करण्यापूर्वी हाताला वळण लागावे आणि जी चूक व्हायची ती कोहळ्यावर व्हावी, हा त्यामागील विचार होय.

हा विचार आपण महाविद्यालयात पाठ केला, परीक्षेत लिहिला आणि बहुतांशी तेथेच ठेवून आलो. आज आपल्या परिसरातील लहानमोठ्या प्रसूतिगृहांत ‘प्रशिक्षण’ या शब्दाचा अर्थ काय होतो, हे आपण सर्वजण जाणतो. वर्षातून एकदा व्याख्यान होते, हजेरीपटावर सह्या होतात, चहापान होते आणि प्रमाणपत्र फाईलमध्ये लागते. रात्रपाळीवर असलेली परिचारिका आणि मावशी त्या व्याख्यानास बहुधा उपस्थितच नसतात. बाळंतिणीचा रक्तस्राव मात्र पाळी पाहून सुरू होत नाही.

प्रसूतिविभागातील प्रशिक्षणाचे नियोजन हे संकटाच्या पहिल्या दहा मिनिटांत प्रत्यक्ष हजर असणाऱ्या माणसांना केंद्रस्थानी ठेवून, त्यांच्याच कक्षात, थोडे थोडे पण वारंवार करावे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे. बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांतील परिस्थिती डोळ्यांसमोर ठेवून त्याची मांडणी येथे केली आहे. अनेक रुग्णालयांत निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करणारे आयुर्वेद पदवीधर या पहिल्या दहा मिनिटांचे भागीदार असल्याने हा विषय आपल्या वर्तुळाबाहेरचा नाही.

परिसराचे स्वरूप

बारामती येथे स्त्री रुग्णालय आहे आणि २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. इंदापूर येथे उपजिल्हा रुग्णालय, भिगवण येथे ग्रामीण रुग्णालय आणि दोन्ही तालुक्यांत प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत. त्याखेरीज खासगी प्रसूतिगृहांवर मोठा भार आहे. इंदापूर ते बारामती हे अंतर सुमारे ५० किलोमीटर, बारामती ते पुणे सुमारे १०० किलोमीटर आणि इंदापूर ते पुणे सुमारे १४० किलोमीटर आहे. नकाशावर ही अंतरे किरकोळ वाटतात. परंतु सतत रक्त जात असलेल्या स्त्रीच्या दृष्टीने ५० किलोमीटर म्हणजे पाऊण ते एक तास, आणि त्यापूर्वी वाहन येण्याचा वेळ निराळा.

या भागाचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे ऊस. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी आणि शहाजीनगरचा नीरा-भीमा या कारखान्यांचा गळीत हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. या काळात बीडसह मराठवाड्यातून व अन्य जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. त्यांतील गर्भिणीची नोंदणी मूळ गावी झालेली असते, कार्ड कधी कोपीवर राहते, कधी गावीच राहते. पूर्वीची प्रसूती कशी झाली, रक्तगट कोणता, हिमोग्लोबिन किती, यांपैकी काहीही ठाऊक नसताना ती मध्यरात्री मुकादमाच्या जीपमधून किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून दारात येते. सुपे-मोरगावच्या जिरायती पट्ट्यातील किंवा उजनी जलाशयाच्या काठावरील स्त्री किमान आपल्या माणसांसह येते. हिच्यासोबत बहुधा तितकेच अनभिज्ञ असे एखादे जोडपे असते.

तिसरी बाब काहीशी सुखद, परंतु फसवी आहे. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१८-२० या कालखंडाच्या अहवालानुसार महाराष्ट्रातील मातामृत्यूचे प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे ३३, तर संपूर्ण देशाचे ९७ होते. म्हणजे एखाद्या लहान प्रसूतिगृहात अनेक वर्षे एकही मातामृत्यू होणार नाही. परंतु जे संकट क्वचित येते त्याचा सराव कामातून आपोआप होत नाही. नित्याच्या प्रसूतीत तरबेज झालेला हात अनित्य प्रसंगी थबकतो. म्हणूनच मृत्यूचे प्रमाण जसजसे उतरते, तसतशी हेतुपुरस्सर सरावाची गरज वाढते.

परिचारकाचे चार गुण : प्रशिक्षणाचा आराखडा

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगताना परिचारकास भिषक्, द्रव्य व रोगी यांच्या पंक्तीस बसविले आहे. उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच हे त्याचे चार गुण होत. प्रशिक्षणाचा आराखडा करताना या चौकटीहून अधिक सोयीची चौकट प्रस्तुत लेखकास आढळलेली नाही. आपल्याकडील बहुतेक कार्यक्रम पहिल्या गुणापाशीच संपतात, म्हणून चारही गुणांचा आजच्या संदर्भात विचार करू.

उपचारज्ञता. सर्वांना सर्व काही शिकविण्याचा मोह टाळावा. प्रसूतिकक्षातील जीवघेण्या प्रसंगांपैकी चार प्रसंग निवडून त्यांवर लक्ष केंद्रित करणे हितावह ठरते : (१) प्रसवोत्तर रक्तस्राव, (२) वाढलेला रक्तदाब व झटके, (३) जन्मतः न रडणारे, श्वास न घेणारे बालक, आणि (४) रखडलेली प्रसूती व वेळेवर संदर्भसेवा. या प्रत्येक प्रसंगासाठी एक पान पुरेसे आहे. त्या पानावर लक्षणे, क्रमाने करावयाच्या कृती, औषधांच्या मात्रा व दूरध्वनी क्रमांक असावेत. मात्रा रुग्णालयाच्या प्रसूतितज्ज्ञांकडून लेखी घेऊन त्यांच्या स्वाक्षरीने ते पान भिंतीवर लावावे.

दाक्ष्य. हा योग्येचा प्रांत होय. मॅग्नेशियम सल्फेटचे उदाहरण पाहा. झटके आलेल्या गर्भिणीस संदर्भित करण्यापूर्वी द्यावयाची पहिली मात्रा १० ग्रॅम असून ती प्रत्येक नितंबात ५ ग्रॅम याप्रमाणे खोल स्नायूत द्यावयाची असते. आपल्याकडे मिळणाऱ्या २ मिलिलिटरच्या एका अँप्यूलमध्ये ५० टक्के द्रावणाच्या स्वरूपात १ ग्रॅम औषध असते. म्हणजे दहा अँप्यूल फोडाव्या लागतात. हे गणित फळ्यावर सर्वांना सुटते. परंतु रुग्ण झटके देत असताना दहा अँप्यूल फोडून दोन सिरिंज भरण्यास किती वेळ लागतो, हे प्रत्यक्ष करून पाहिल्याविना कळत नाही. मुदत संपलेल्या दहा अँप्यूल बाजूला ठेवून घड्याळ लावून हा सराव करावा. पहिल्या वेळी लागलेला वेळ आणि चौथ्या वेळी लागलेला वेळ यांतील फरक हेच प्रशिक्षणाचे खरे प्रमाणपत्र. सरावाच्या अँप्यूल वेगळ्या रंगाच्या डब्यात ठेवाव्यात व सरावानंतर मोजून नष्ट कराव्यात, हे सांगणे न लगे.

अनुराग. चरकाने शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात सूतिकागाराचे वर्णन करताना गर्भिणीभोवती असाव्यात अशा स्त्रिया अनेकदा प्रसूत झालेल्या, स्नेहशील, कामात कुशल आणि क्लेश सोसणाऱ्या असाव्यात, असे म्हटले आहे. प्रसववेदनांनी ओरडणाऱ्या स्त्रीवर आपण ओरडतो, हे कोणत्याही प्रसूतिगृहाबाहेर पाच मिनिटे उभे राहिल्यास ऐकू येते. यात सौजन्याचा प्रश्न आहेच, शिवाय सुरक्षिततेचाही आहे. जिला दटावले गेले ती ‘डोके फार दुखते’, ‘डोळ्यांसमोर अंधारी येते’ हे सांगत नाही, आणि हीच झटक्यांची पूर्वसूचना असते. म्हणून बोलणे हाही सरावाचा विषय आहे. सरावात एका कर्मचारी भगिनीने ऊसतोड गर्भिणीची भूमिका घ्यावी, दुसरीने तिची माहिती विचारावी. ‘कार्ड का नाही आणले?’ या प्रश्नाने सुरुवात होते की ‘ताई, आधी बसा, पाणी घ्या’ याने, एवढ्यावरून पुढील संपूर्ण संवाद ठरतो.

शौच. सुश्रुताने शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात प्रसूतीस हजर राहणाऱ्या चार स्त्रियांची लक्षणे सांगताना त्यांची नखे कापलेली असावीत, हे आवर्जून नोंदविले आहे. व्हिएन्ना येथे १८४७ मध्ये सेमेलवाइस यांनी क्लोरिनयुक्त द्रावणाने हात धुण्याची सक्ती केली आणि त्यांच्या विभागातील मातामृत्यूंचे प्रमाण एप्रिलमधील सुमारे १८ टक्क्यांवरून काही महिन्यांत २ टक्क्यांच्या आसपास उतरले. परंतु त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सहजी मानले नाही, हेही इतिहास सांगतो. हात धुण्याचे ज्ञान कोणास नाही? अडचण नळाला पाणी नसणे, साबण संपणे आणि वरिष्ठानेच हात न धुणे यांत असते. प्रशिक्षणाच्या यादीत म्हणूनच ‘बेसिनजवळ साबण आहे का’ हा प्रश्नही असला पाहिजे.

एक सराव तपशिलाने

योजना कागदावर समजत नाही, म्हणून रक्तस्रावाचा एक सराव क्रमाने पाहू. पुढील प्रसंग काल्पनिक आहे, परंतु वाचकांपैकी कोणासही तो अपरिचित वाटणार नाही.

रात्री दोनचा सुमार आहे. प्रसूतिकक्षात एक परिचारिका व एक मावशी आहेत. निवासी वैद्य वरच्या मजल्यावर आहेत. प्रसूतितज्ज्ञ घरी, दहा मिनिटांच्या अंतरावर. प्रसूती सुरळीत झाली, बाळ रडले, जन्मानंतर मिनिटभरात ऑक्सिटोसिनचे १० युनिट स्नायूत दिले गेले, अपरा पडली. पंधरा मिनिटांनी मावशीच्या लक्षात येते की खालचे कापड पुन्हा भिजले आहे.

येथे सरावाचा पहिला प्रश्न उभा राहतो : मावशी बोलते का? पदाने सर्वांत लहान असलेली व्यक्ती ‘सिस्टर, हे जास्त वाटतंय’ असे निःशंकपणे म्हणू शकते का? तिने असे म्हणताच तिला ‘तुला काय कळतं’ असे ऐकावे लागत असेल, तर पुढील सर्व औषधे व्यर्थ आहेत.

दुसरा प्रश्न : जास्त म्हणजे किती? योनिमार्गे झालेल्या प्रसूतीनंतर ५०० मिलिलिटरहून अधिक रक्त जाणे ही प्रसवोत्तर रक्तस्रावाची रूढ व्याख्या आहे. डोळ्यांनी केलेला अंदाज बहुधा कमीच भरतो. यासाठी बिटाचे पाणी मोजून सुती कापडावर, पॅडवर, गादीवरील रबरी चादरीवर ओतावे आणि प्रत्येकाने अंदाज चिठ्ठीवर लिहावा. चिठ्ठ्या उघडल्यावर सर्वांची मान खाली जाते, निवासी वैद्यांचीही. मग वजनकाटा आणावा. कोरड्या कापडाचे वजन वजा करता उरलेला प्रत्येक ग्रॅम म्हणजे सुमारे एक मिलिलिटर रक्त, हे एकदा हाताने केले की विसरत नाही.

या मोजण्याचे महत्त्व किती, याचा पुरावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दिला आहे. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया या देशांतील सुमारे ८० रुग्णालयांत, दोन लाखांहून अधिक प्रसूतींवर तो झाला. रक्त मोजणारी खुणांची प्लॅस्टिक पिशवी प्रसूतीनंतर लावणे आणि ठरलेले सर्व उपचार एकापाठोपाठ एक न थांबता एकत्र करणे, असा तेथील क्रम होता. त्यासाठी कर्मचाऱ्यांना त्यांच्याच ठिकाणी शिकविले गेले. नेहमीच्या पद्धतीत रक्तस्राव झालेल्या स्त्रियांपैकी निम्म्यांचाच रक्तस्राव ओळखला जात होता; नव्या पद्धतीत ९३ टक्क्यांचा ओळखला गेला. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी करावी लागणारी उदरशस्त्रक्रिया किंवा त्यामुळे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटले. लक्षात घ्यावे की यात कोणतेही नवे औषध नव्हते.

तिसरा प्रश्न कामांच्या वाटणीचा. परिचारिकेने गर्भाशय चोळावे व मोठ्याने मदत मागावी. मावशीने घंटा वाजवावी, निवासी वैद्यांना बोलवावे आणि रक्तस्रावाचा तयार ट्रे आणावा. निवासी वैद्यांनी आल्याबरोबर दोन मोठ्या सुया शिरेत घालून सलाईन सुरू करावे, ठरलेल्या मात्रेत ऑक्सिटोसिनचे सलाईन जोडावे, मूत्राशय रिकामे करावे, अपरा पूर्ण पडली आहे का व मार्गास इजा आहे का हे पाहावे. ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिड १ ग्रॅम शिरेतून सावकाश द्यावे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, वीस हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासानुसार हे औषध प्रसूतीनंतर तीन तासांच्या आत दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात. प्रसूतितज्ज्ञांना दूरध्वनी कोणी करावा? तो निवासी वैद्यांचा हात अडकलेला असताना मावशीने करावा, आणि काय बोलावे तेही ठरलेले असावे : कक्ष, प्रसंग, किती रक्त गेले, नाडी व रक्तदाब. चार वाक्ये पुरेत.

चौथा प्रश्न वस्तूंचा. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवावे लागते, म्हणून ते शीतकपाटात असते. शीतकपाटास कुलूप असते. किल्ली कोठे असते? सराव केल्यावर ती दिवसपाळीच्या मुख्य परिचारिकेच्या पर्सबरोबर घरी गेल्याचे आढळले, तर त्या दिवशीचा सराव सार्थकी लागला असे समजावे. अशी चूक उघडकीस आणण्यासाठीच सराव असतो. उन्हाळ्यात वीज गेल्यावर शीतकपाटाचे काय होते, हेही याच वेळी पाहावे.

सराव पंधरा मिनिटांत संपवावा व त्यानंतर दहा मिनिटे बसून बोलावे. प्रथम मावशीने, मग परिचारिकेने आणि सर्वांत शेवटी डॉक्टरांनी बोलावे. वरिष्ठ आधी बोलले की पुढचे सर्वजण होकार भरतात.

बालकाच्या सरावाची रीत हीच. कापडी बाहुली, अ‍ॅम्ब्यू बॅग व योग्य मापाचा मास्क एवढे साहित्य पुरते. कोरडे करणे, ऊब देणे, पाठ चोळणे, आणि तरीही श्वास नसल्यास पहिल्या मिनिटाच्या आत बॅगने मिनिटास सुमारे ४० या गतीने श्वास देण्यास सुरुवात करणे हा क्रम. चरकाने शारीरस्थानात नवजाताच्या कानाजवळ दगडांवर दगड आपटणे, तोंडावर पाणी शिंपडणे असे प्राणप्रत्यागमनाचे उपाय सांगितले आहेत. पहिल्या क्षणांचे महत्त्व आचार्यांनी जाणले होते, हा त्यातील बोध आपण घ्यावा. उपाय मात्र आज हाती असलेला अधिक समर्थच योजावा.

वर्षाचे वेळापत्रक

सरावाने आलेले कौशल्य काही महिन्यांतच ओसरू लागते. म्हणून एकाच दिवशी आठ तास देण्यापेक्षा दर महिन्यास थोडा वेळ द्यावा. विषय चार आणि महिने बारा, म्हणजे प्रत्येक विषय वर्षातून तीनदा येतो. त्या त्या महिन्यातील विषयाचा सराव तिन्ही पाळ्यांत एकेकदा घ्यावा. रात्रपाळीचा सराव रात्रीच घ्यावा, कारण रात्रीची माणसे, रात्रीचा उजेड व रात्रीच्या किल्ल्या वेगळ्या असतात. प्रत्येक कर्मचाऱ्यास महिन्याला अर्ध्या तासाहून फारसा अधिक वेळ लागत नाही.

या चौकटीत परिसराचे ऋतुचक्र बसवावे. गळीत हंगामापूर्वी, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, ‘माहिती नसलेली गर्भिणी’ हा विषय घ्यावा : कार्ड नसताना प्रथम काय विचारावे, काय तपासावे, रक्तगट व हिमोग्लोबिन केव्हा करावे. मार्च-एप्रिलमध्ये कर्मचाऱ्यांची आवकजावक अधिक असल्यास नव्यांसाठी पहिल्या आठवड्यातच चारही पानांचा परिचय ठेवावा. नवी परिचारिका चार सराव पाहिल्यावर व करून दाखविल्यावरच एकटी रात्रपाळी करील, असा नियम करावा.

ज्येष्ठ-आषाढात संदर्भसेवेचा सराव घ्यावा. जगद्गुरू तुकोबारायांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या मार्गाने जाते आणि त्या दिवसांत नेहमीचा रस्ता वाहनांस मोकळा नसतो. रुग्णवाहिका कोणत्या आडवाटेने जाईल, हे पालखी येण्याच्या आठवडाभर आधी चालकास घेऊन ठरवावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली आणि तिच्यावरील डॉक्टरांत आयुर्वेद पदवीधरांची संख्या लक्षणीय आहे. त्या बंधुभगिनींना आपल्या सरावास निमंत्रण द्यावे. रुग्ण ज्यांच्या हाती सोपवायचा त्यांच्याशी पहिली ओळख दारातच, रक्ताने भिजलेल्या स्ट्रेचरपाशी होऊ नये.

फलश्रुती कशी पडताळावी?

‘प्रशिक्षण झाले’ ही नोंद पुरेशी नाही. लहान रुग्णालयातही पुढील चार गोष्टी एका वहीत सहज ठेवता येतात. जन्मानंतर मिनिटभरात ऑक्सिटोसिन दिल्याची नोंद शंभर प्रसूतींत किती वेळा आहे? पार्टोग्राफ प्रसूती चालू असताना भरला गेला की नंतर? सरावात पहिले औषध देण्यास किती मिनिटे लागली? आणि ट्रेमधील साहित्य अचानक तपासले असता किती वेळा पूर्ण आढळले? या आकड्यांचा आलेख भिंतीवर लावावा.

याजोडीस आणखी एक वही असावी : थोडक्यात निभावलेल्या प्रसंगांची. माता वाचली, परंतु काय उशिरा झाले, हे तीत नावे न घालता लिहावे. केंद्र शासनाने २०१४ मध्ये अशा प्रसंगांच्या परीक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ या शासकीय उपक्रमात प्रसूतिकक्षाच्या गुणवत्तेची मोजदाद आहे, आणि खासगी प्रसूतिगृहांसाठी प्रसूतितज्ज्ञांच्या राष्ट्रीय महासंघाची ‘मान्यता’ ही योजना १६ वैद्यकीय निकषांवर आधारलेली आहे. ज्यांना स्वतःची यादी करण्याचे श्रम वाचवायचे असतील, त्यांनी या तयार याद्यांतून आरंभ करावा.

अडचणी आणि आपली भूमिका

पहिली अडचण सांगितली जाते ती खर्चाची. कापडी बाहुली, बिटाचे पाणी, वजनकाटा व मुदतबाह्य अँप्यूल यांना खर्च फारसा नाही; खर्च आहे तो वेळेचा. दुसरी अडचण माणसे टिकत नाहीत ही. ‘शिकवावे आणि तिने दुसरीकडे जावे’ ही तक्रार खोटी नाही. परंतु न शिकलेली परिचारिका टिकून राहिली, तर ते अधिक महागात पडते. शिवाय जी शिकविते तिला मान मिळतो, आणि मान मिळतो तेथे माणूस सहसा थांबतो. म्हणून सरावाचे नेतृत्व अनुभवी परिचारिकेकडे द्यावे.

तिसरी अडचण आपली स्वतःची आहे. परिचारिकेच्या सूचनेनुसार सराव करण्यास निवासी वैद्यास संकोच वाटतो. मला हे येत नाही, असे मावशीसमोर म्हणणे जड जाते. परंतु सुश्रुताने शास्त्र जाणूनही कर्मात अनभ्यस्त असलेल्यास एका पंखाच्या पक्ष्याची उपमा दिली आहे, आणि ती परिचारिकेस नव्हे, वैद्यास उद्देशून आहे.

येथे दोन मर्यादा स्पष्ट केल्या पाहिजेत. एक, सरावाने कोणाचाही कायदेशीर अधिकार वाढत नाही. ज्याच्या नोंदणीत व रुग्णालयाच्या लेखी आदेशात जे बसते तेवढेच त्याने करावे. सरावाचा उद्देश ते वेळेवर व अचूक व्हावे आणि अधिक जाणत्यास लवकर बोलावले जावे एवढाच आहे. दोन, तीव्र रक्तस्राव, झटके व श्वासावरोध या प्रसंगी काढे व चाटणे शोधण्यात एक मिनिटही दवडू नये. आयुर्वेदाचे सामर्थ्य दाखविण्याची ती जागा नव्हे. ते सामर्थ्य मासानुमासिक गर्भिणी-परिचर्येत, नवव्या महिन्यातील अनुवासन बस्ती व योनिपिचूच्या योजनेत आणि दीड महिन्याच्या सूतिकाकाळातील आहार-विहारात आहे. तेथेही आपली सूतिका-परिचर्या कर्मचाऱ्यांना शिकविताना एक पान जोडावे : बाळंतिणीस ताप, दुर्गंधी स्राव, वाढता रक्तस्राव, डोकेदुखी किंवा श्वास लागणे यांपैकी काही आढळल्यास अभ्यंग-शेक थांबवून त्वरित डॉक्टरांना कळवावे.

समारोप

कोणतीही मोठी योजना मनात न आणता वाचकांनी येत्या आठवड्यात एवढेच करावे. एका रात्री, कोणास न सांगता, आपल्या प्रसूतिकक्षात जावे आणि हजर असलेल्या परिचारिकेस व मावशीस विचारावे : आता या पलंगावरील बाईस रक्तस्राव सुरू झाला, तर पहिले औषध हातात येईपर्यंत किती वेळ लागेल, दाखवता का? घड्याळ लावावे. जो आकडा येईल तो वहीच्या पहिल्या पानावर दिनांकासह लिहावा. पुढील सर्व नियोजन त्या आकड्यापासून सुरू होते, आणि चार महिन्यांनी त्याच पानावर दुसरा आकडा लिहिताना योग्येचा अर्थ उमजतो.

आपल्या दारी रात्री येणाऱ्या, नावही नीट न सांगू शकणाऱ्या त्या ऊसतोड भगिनीस आपली पदवी कोणती हे ठाऊक नसते. त्या दहा मिनिटांत आपल्या माणसांचे हात न अडखळता चालावेत, एवढाच तिचा आपल्यावर हक्क आहे. तो आपण सर्वांनी मिळून राखावा, अशी नम्र विनंती.